बुडबुडे पुरेसे नाहीत

घरच्या फिश टँकमध्ये पाण्यावर तेलकट तवंग धरतो अशी कुणी तक्रार केली, की त्याला ठरलेली उत्तरं मिळतात. त्याने काही होत नाही. एअर पंप आहे ना, मग झालं. पृष्ठभागावरचा थर काढणारा स्किमर समुद्री टाकीला लागतो, गोड्या पाण्याला नाही. फिल्टर तासाला हजार लिटरचा आहे, म्हणजे पाणी फिरतंय. ही उत्तरं दुकानात मिळतात, वर्षानुवर्षं मासे पाळणाऱ्यांकडूनही मिळतात, आणि इतक्या खात्रीने मिळतात की नवखा माणूस पुढे विचारत नाही. माझं म्हणणं असं की ही चारही उत्तरं चुकीची आहेत. त्यांची किंमत मोजतात ते मासे, आणि तीही बहुधा उन्हाळ्यातल्या पहाटे, घर झोपलेलं असताना.

एअर पंपाचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. बुडबुड्यात हवा, हवेत ऑक्सिजन, म्हणून बुडबुडे पाण्यात ऑक्सिजन सोडतात, असा हा सरळ हिशेब. पण बुडबुडा पाण्यात राहतो किती वेळ? एअर स्टोनमधून सुटलेला दोन-तीन मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वेगाने वर येतो. दीड फूट उंचीच्या टाकीत त्याला तळापासून वर पोचायला दोन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात त्यातला थोडाच ऑक्सिजन पाण्यात उतरतो. एअर पंपाचं मोठं काम वेगळंच आहे. बुडबुड्यांची रांग वर चढताना तळाचं पाणी सोबत ओढून आणते आणि पृष्ठभाग हलवते. ऑक्सिजन येतो तो मुख्यतः या हलत्या पृष्ठभागातून. म्हणजे एअर पंप लावा म्हणणाराही नकळत पृष्ठभागाचंच महत्त्व मान्य करत असतो. मग त्या पृष्ठभागाची अवस्था काय आहे, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच कमी, हे लक्षात घेतल्याशिवाय या वादाचं गांभीर्य कळत नाही. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाब कमी, त्यामुळे त्यातूनही सहा टक्क्यांच्या आसपास वजा. इकडे पाणी दहा अंशांनी तापलं की माशांची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. साठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. फिल्टरमधले जिवाणूही त्याच साठ्यातून घेतात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना साडेचार ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन लागतो. रात्री दिवा मालवला की वनस्पतीही ऑक्सिजन देणं थांबवतात आणि घेऊ लागतात. मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडू लागतात ते या सगळ्याची बेरीज होऊन. दाट मासे सोडलेल्या तळ्यांत चाकाचे एरेटर रात्रभर चालवावे लागतात, त्यामागेही हेच गणित असतं.

आता तवंग. खाद्यातली चरबी, माशांच्या अंगावरचा चिकट स्राव, कुजत्या पानांतून सुटणारी प्रथिनं, टाकीत घातलेल्या हाताचं तेल, आणि टाकी स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीच्या वाफेबरोबर येऊन बसणारे तेलाचे कण, हे सगळं त्यात असतं. या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून लांब राहू पाहतं. म्हणून त्यांना सोयीची जागा एकच: पाणी आणि हवा यांची सीमा. तिथे ते एकमेकांना खेटून बसतात, त्यांच्यावर जिवाणू वाढतात, आणि दोन-चार दिवसांत पातळ चकाकीचा धुरकट पापुद्रा होतो.

तवंगाला निरुपद्रवी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. तवंग झाकणासारखा ऑक्सिजन अडवून धरतो, हे वर्णन बरोबर नाही. एका रेणूच्या जाडीच्या थरातून ऑक्सिजन सहज पार होतो. पण या मुद्द्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकतो, कारण तवंगाचा अपाय दुसऱ्या वाटेने होतो. तो पृष्ठभागाला निश्चल करतो.

हे काही आज कळलेलं नाही. लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिनने तेल ओतून पाहिलं आणि त्याचा वृत्तान्त १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चमचाभर तेलाने वाऱ्याने उठलेल्या लाटा शांत झाल्या आणि सुमारे अर्ध्या एकराचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झाला. चमचाभर तेल तळ्याचं जे करतं तेच तवंग आपल्या टाकीचं करतो. लहान लहरी उठतच नाहीत. वरचा ऑक्सिजन मिळालेला थर खाली जाऊन खालचं भुकेलं पाणी वर येणं, ही देवघेव मंदावते. निश्चल पाण्यात ऑक्सिजन आपल्या आपण किती हळू सरकतो याची कल्पना फार थोड्यांना असते. हवेत तो जितका सरकतो त्याच्या दहा हजारपट हळू तो पाण्यात सरकतो. नुसत्या विसरणावर सोडलं तर त्याला दहा सेंटिमीटर खोल जायला महिनाभर लागेल. टाकीतला मासा जगतो तो पाणी ढवळलं जातं म्हणून.

फ्रँकलिनच्या त्या प्रयोगातला एक तपशील मला या वादात सर्वांत मोलाचा वाटतो. त्याने पहिल्यांदा तेल ओतलं ते वारा ज्या काठाकडे वाहत होता त्या काठावरून, कारण लाटा तिथे मोठ्या होत्या. ते तेल पसरलंच नाही. वाऱ्याने ते उलट काठाकडे ढकललं. मग तो समोरच्या काठावर गेला, जिथून वारा येत होता, आणि तिथून ओतलेलं तेल पसरत गेलं. 'आमच्या गावच्या तळ्यात कुठला स्किमर होता, तरी मासे जगायचेच' असं म्हणणाऱ्यांना याहून नेमकं उत्तर नाही. तळ्याला स्किमर असतो. तो वारा असतो. वारा सगळा तवंग एका काठाला नेऊन लावतो आणि बाकीचं पाणी उघडं राहतं. पाऊस तो फोडतो, ओढ्यात तो दगडांवरून वाहून जातो. दिवाणखान्यातल्या टाकीवर यातलं काहीच पोचत नाही. वर काचेचं झाकण असतं, आणि तळ्याच्या मानाने मासे कितीतरी दाटीने ठेवलेले असतात. निसर्गाचा दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे पाणी बदला. पाणी बदलायलाच हवं, पण त्याने तवंग जात नाही. आपण नळी तळाशी धरून पाणी काढतो. पातळी खाली जाते, तवंग तिच्याबरोबर खाली उतरतो, थोडा काचेला आणि पानांना चिकटतो, आणि नवं पाणी भरलं की पुन्हा वर. साय काढायची असेल तर कुणी पातेल्याच्या तळातून दूध उपसत नाही. बहुतेक फिल्टरांचंही हेच होतं. त्यांचं तोंड वाळूपासून चार बोटांवर असतं, त्यामुळे वरचा थर त्यांच्यात कधी शिरतच नाही. फिल्टर वर्षभर चालतो, आतला स्पंज दर पंधरवड्याला धुतला जातो, आणि तवंग जिथल्या तिथे. एअर स्टोनने तो फुटतो हे खरं, पण फुटून पाण्यात मिसळतो, बाहेर जात नाही. पंप बंद करून तासाभराने पाहा, तो पुन्हा जुळून आलेला असतो.

तवंग ढवळून जात नाही, तो सरकवून काढावा लागतो. हे सिद्ध केलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात घर सांभाळणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांनी. विद्यापीठाची पायरी त्या चढल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या पाण्यावरचे थर पाहून त्यांनी उथळ कुंड्यातलं पाणी आणि त्यावरून सरकवायची पत्र्याची पट्टी एवढ्या सामग्रीवर पृष्ठभागाचा अभ्यास उभा केला. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना त्यांनी पत्र लिहिलं, रॅले यांनी ते पुढे पाठवलं आणि १८९१ मध्ये ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. पट्टीने थर एका बाजूला लोटला की मागे स्वच्छ पाणी उरतं, हे त्या कुंड्यात स्पष्ट दिसलं. पृष्ठभागाचं शास्त्र पुढे याच मार्गाने गेलं. घरच्या टाकीतला स्किमर हेच काम अखंड करतो.

त्याची रचना अवघड नाही. फिल्टरच्या ओढणाऱ्या नळीच्या वरच्या टोकाला तरंगती वाटी असते. तिचा काठ पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली राहतो. पंप आतलं पाणी ओढतो, आतली पातळी उतरते, आणि बाहेरचा सर्वांत वरचा थर काठावरून आत सांडू लागतो. धरणाला सांडवा असतो तसाच हा सांडवा. काठावरून जाणारा थर जितका पातळ तितकं काम चांगलं, म्हणून त्याला मोठा पंप लागत नाही. पाच वॉटचा स्किमर अखंड चालला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट वीज घेतो, आणि खरं तर दिवसाकाठी अर्धा-एक तासही पुष्कळ होतो. टायमरवर लावा. 'समुद्री टाकीची चैन' म्हणणारे इथे दोन वेगळ्या उपकरणांची गल्लत करतात. समुद्री टाकीत फेस करून प्रथिनं काढणारा प्रोटीन स्किमर असतो. गोड्या पाण्यात तसा टिकाऊ फेस होत नाही, म्हणून तो खरोखर निरुपयोगी. पण पृष्ठभागावरचं पाणी ओढणारा साधा स्किमर खारं-गोडं काही पाहत नाही.

त्याचे दोषही सांगायला हवेत, कारण ते न सांगता विकलेला स्किमर महिन्याभरात माळ्यावर जातो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी उतरली की काही स्किमर हवा ओढू लागतात आणि घरघर सुरू होते. पाण्याची भर रोज घालावी लागते. पिल्लं, लहान कोळंबी आणि अगदी वरच्या थरात राहणारे मासे ओढले जाऊ शकतात. काठावर स्पंजाची पट्टी बसवावी, आणि पिल्लांच्या टाकीत तो वापरूच नये. तिथे साधा टिश्यू पेपर पाण्यावर आडवा पसरून अलगद उचलला तरी तवंग निघतो, किंवा पेल्याचा काठ पाण्याला टेकवून वरचं पाणी आत घ्यावं. यंत्राचा आग्रह मी धरत नाही. पृष्ठभाग मोकळा हवा, एवढाच आग्रह आहे.

वनस्पतींची टाकी सजवणारे म्हणतात की पृष्ठभाग हलला की कष्टाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. थोडा उडतो. पण दोन्ही वायू एकमेकांची जागा अडवत नाहीत. पाण्यात ऑक्सिजन पूर्ण भरलेला असताना कार्बन डायऑक्साइडही लिटरमागे तीस मिलिग्रॅम ठेवता येतो. सिलिंडरचा नॉब किंचित वाढवावा लागतो, इतकंच. तवंग टिकवून गॅस वाचवायचा आणि माशांना श्वासासाठी तोंड उघडायला लावायचं, हा व्यवहार मला मान्य नाही.

फायटर आणि गुरामीची गोष्ट वेगळी, असंही ऐकू येतं. ते वर येऊन हवा घेतात, त्यांना पाण्यातला ऑक्सिजन कशाला? त्यांना जोराचा प्रवाह सोसत नाही हे खरं. लांब पंखांचा फायटर प्रवाहात दमतो आणि बुडबुड्यांचं घरटं मोडतं. पण हे मासे हवा घेतात ती नेमकी तवंगाच्या जागी. दर काही मिनिटांनी ज्या पापुद्र्यात तोंड घालायचं तो जिवाणूंनी धुरकटलेला असणं, ही त्यांच्यासाठी इतर माशांपेक्षा वाईट अवस्था आहे. त्यांच्या टाकीत संथ स्पंज फिल्टर आणि कागदाने रोजची सफाई, हा मार्ग बरोबर. गोल्डफिशच्या गोल भांड्याबद्दल तर एवढंच सांगतो, की ते गळ्यापर्यंत भरू नका. पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत भरलं तर पृष्ठभाग सर्वांत मोठा मिळतो. अर्थात गोल्डफिश त्या भांड्यात ठेवूच नये.

आता 'तासाला हजार लिटर' या आकड्याकडे येतो, कारण पृष्ठभाग स्वच्छ झाला तरी तिथला ऑक्सिजन खाली पोचवणारं अभिसरण नसेल तर काम अर्धंच होतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावतं. दुकानदार म्हणतो, हजार लिटरचा फिल्टर म्हणजे तासाला पाच फेऱ्या. पहिली गोष्ट, खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो, पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला. आत स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या भरल्या, पाइप जोडला, महिन्याचा गाळ बसला, की तो निम्म्यावर येऊ शकतो. मोजणं सोपं आहे. बाहेर पडणारी नळी दहा लिटरच्या बादलीत धरा. बादली भरायला एक मिनिट लागलं तर फिल्टर तासाला सहाशे लिटरचा आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक फेरी म्हणजे सगळं पाणी एकदा फिल्टरमधून गेलं असं होत नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. अगदी उत्तम मिसळण होत असली तरी टाकीइतकं पाणी पंपातून गेल्यावर सुमारे ३७ टक्के पाणी फिल्टरमध्ये एकदाही गेलेलं नसतं. आणि मिसळण उत्तम नसेल तर? ओढणारी आणि सोडणारी नळी एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी लावलेल्या असतात. पाणी बाहेर पडतं आणि तसंच पुन्हा आत ओढलं जातं. आकडा पूर्ण भरतो, समोरच्या कोपऱ्यात मात्र दगडामागे काळा गाळ साचतो. तिथे ऑक्सिजन संपतो आणि कुजका वास धरतो. हजार लिटर नक्की फिरतात, पण तेच ते.

म्हणून मी आधी विचारतो, पाणी जातं कुठे? मांडणी अशी असावी: सोडणारी नळी मागच्या काचेजवळ, पृष्ठभागाच्या किंचित खाली, टाकीच्या लांबीच्या दिशेने. पाणी वरून लांब जातं, समोरच्या लहान काचेवर आदळून खाली वळतं आणि तळावरून परत येतं. असा एक मोठा वळसा बसला की वरचा ऑक्सिजन तळाशी पोचतो आणि तळाचा गाळ फिल्टरच्या तोंडाशी येतो. वरच्या प्रवाहाची दिशा स्किमरकडे असावी, म्हणजे तवंग आपण होऊन त्याच्याकडे सरकतो. पाणी उसळून शिंतोडे उडायची गरज नाही, छताच्या दिव्याचं प्रतिबिंब थरथरलं की पुरे. नाशिक-नागपूरच्या थंडीत हीटर लावलात तर तोही याच वळशात हवा, नाहीतर वर पाणी गरम आणि तळाला गार राहतं. तपासायला चिमूटभर बारीक चुरलेलं खाद्य सोडून ते कुठे थांबतं ते पाहावं. मासे एकाच आडोशाला गोळा होऊन राहिले तर प्रवाह जास्त झाला. बार्ब, डॅनिओ आणि सह्याद्रीच्या ओढ्यातल्या लोचला तो हवासा वाटतो, एंजलला नाही.

शेवटचा आक्षेप सांडव्याच्या टाकीवर येतो. काठावर सांडवा, खाली कपाटात सम्प म्हणजे दुसरी टाकी, आणि तिथून पंपाने पाणी परत वर, ही पृष्ठभाग स्वच्छ ठेवायची सर्वोत्तम रचना. 'वीज गेली की घरात पूर येईल', असं म्हणून लोक ती टाळतात. लोडशेडिंगची वर्षं काढलेल्या महाराष्ट्रात ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पंप थांबल्यावर पाणी सांडव्याच्या काठापर्यंत दोन सेंटिमीटर उतरलं, तर खाली येतं आठ लिटरच्या आसपास. सम्पमध्ये तेवढी जागा आणि वर पाइपांतल्या पाण्यासाठी आणखी थोडी रिकामी ठेवली की एक थेंब बाहेर येत नाही. धोका असतो तो परतीच्या नळीचा. तिचं तोंड खोल असेल तर ती उलट ओढू लागते आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. म्हणून पातळीच्या लगेच खाली तिला बारीक छिद्र पाडतात. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. छिद्रात शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला काडीने मोकळं करावं. आणि ज्या एका वेळी एअर पंपाला पर्याय नाही ती हीच: वीज नसताना बॅटरीवरचा एअर पंप पृष्ठभाग हलता ठेवतो. वीज तासन्‌तास गेलेली असेल तर कॅनिस्टर फिल्टरमधलं कोंडलेलं पाणी आधी बादलीत सोडा, मगच नळी टाकीत घाला. सम्प बसवल्यावर पहिल्याच दिवशी पंपाचा प्लग हाताने काढून पाणी कुठवर चढतं ते पाहा आणि तिथे सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारा. पंप चालू असताना किती भरायचं ते त्या रेघेवरून ठरवा.